दुर्बिणीला डोळा न लावता

जानेवारी १८७० मध्ये जॉन हॅम्पडेन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने विज्ञानविषयक साप्ताहिकात जाहिरात दिली. पृथ्वी सपाट आहे याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कुठल्याही नदीचं, कालव्याचं किंवा तळ्याचं पाणी बाकदार असतं हे त्रयस्थ पंचासमोर सिद्ध करून दाखवा आणि ५०० पौंड घेऊन जा, असं त्याचं आव्हान होतं. तेव्हाच्या मानाने ही रक्कम चांगलीच घसघशीत होती.

आव्हान उचललं आल्फ्रेड रसेल वॉलेसने. डार्विनच्या बरोबरीने, पण स्वतंत्रपणे, नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडणारा तोच हा वॉलेस. तरुणपणी त्याने जमीनमोजणीची नोकरी केली होती, त्यामुळे असलं मोजमाप त्याच्या हातचा मळ. तरी त्याने आधी चार्ल्स लायेल या ज्येष्ठ भूवैज्ञानिकाला विचारलं. लायेल म्हणाला, जरूर घ्या पैज. एकदा स्पष्ट दाखवून दिलं की ही मंडळी कदाचित गप्प बसतील. इतका मोठा वैज्ञानिक, पण माणसांच्या बाबतीत त्याचा अंदाज साफ चुकला.

५ मार्च १८७० ला सगळे पूर्व इंग्लंडमधल्या ओल्ड बेडफर्ड कालव्यावर जमले. इथे दोन पुलांमध्ये सहा मैल, म्हणजे जवळजवळ साडेनऊ किलोमीटर, पाणी सरळसोट जातं. वॉलेसची मांडणी साधी, पण चोख होती. एका पुलाच्या कठड्यावर, पाण्यापासून १३ फूट ३ इंच उंचीवर, दुर्बीण ठेवली. दुसऱ्या पुलावर पांढरं कापड ताणलं, त्यावर आडवा काळा पट्टा. त्याचीही पाण्यापासूनची उंची तेवढीच. मधोमध, तीन मैलांवर, एक खांब रोवला आणि त्याच उंचीवर लाल तबकडी लावली. तिच्या चार फूट खाली आणखी एक तबकडी, अंतराचा अंदाज यावा म्हणून.

पाणी सपाट असेल तर दुर्बीण, तबकडी आणि पट्टा एका रेषेत येणार. पाणी बाकदार असेल तर मधली तबकडी पट्ट्याच्या वर उचललेली दिसणार. किती वर? पृथ्वीच्या त्रिज्येवरून हिशेब केला तर सहा मैलांच्या मध्यावर पाण्याचा फुगवटा सुमारे सहा फूट भरतो. हवेतून जाताना प्रकाश किंचित खाली वळतो, त्यामुळे तो थोडा कमी दिसतो. वॉलेसला दिसला पाचेक फूट.

हॅम्पडेनच्या वतीने पंच म्हणून विल्यम कार्पेंटर आला होता. हा स्वतःच सपाट पृथ्वीच्या बाजूने लिहिणारा. दुर्बीण नीट पातळीत नाही अशी त्याने हरकत घेतली. ठीक आहे, म्हणून पातळी दाखवणारी, आत आडवी तार असलेली दुर्बीण लावली. तिच्यातून पाहिलं तर मधली तबकडी तारेच्या खाली दिसली आणि लांबचा पूल तबकडीच्याही खाली. कार्पेंटरला आनंदाचं भरतं आलं. तार ते तबकडी आणि तबकडी ते पूल ही दोन्ही अंतरं सारखीच दिसतात, म्हणजे तिन्ही एका सरळ रेषेत आहेत, म्हणजे पृथ्वी सपाट! पाणी सपाट असतं तर तबकडी आणि पूल दोन्ही तारेवरच यायला हवे होते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आणि हॅम्पडेन? त्याने दोन्हीपैकी एकाही दुर्बिणीला डोळा लावला नाही. कार्पेंटरवर आपला विश्वास आहे, एवढंच त्याचं म्हणणं.

तटस्थ पंचाने, म्हणजे ‘द फील्ड’ या पत्राचा संपादक वॉल्श याने, वॉलेसला विजयी ठरवलं आणि पैजेचे पैसे त्याला दिले. तिथून वॉलेसच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं ते पंधरा वर्षांहून अधिक काळ. हॅम्पडेन त्याला चोर आणि लबाड ठरवणारी पत्रं विद्वत्संस्थांना पाठवी, शेजाऱ्यांना पाठवी, ओळखीच्या दुकानदारांना पाठवी. तुझ्या नवऱ्याला एक दिवस डोक्याचा चेंदामेंदा झालेल्या अवस्थेत घरी आणतील, अशा आशयाचं पत्र त्याने वॉलेसच्या बायकोला लिहिलं. बदनामीबद्दल तुरुंगात जाऊन आला तरी थांबला नाही. वर न्यायालयाने पैजेच्या कायद्याचा कीस पाडून हॅम्पडेनची ठेव त्याला परत मिळवून दिली. सगळा हिशेब केला तेव्हा वॉलेसला कित्येकशे पौंडांची खोट बसली होती. आज याला आपण ट्रोलिंग म्हणतो. फरक इतकाच की हॅम्पडेनला टपालाचा खर्च पदरचा करावा लागे.

बेडफर्डचा कालवाच का निवडला गेला, यातही गंमत आहे. सॅम्युएल रोबॉथम नावाच्या माणसाने १८३८ मध्ये तिथेच, डोळे पाण्याच्या जेमतेम वर ठेवून, लांब जाणारी होडी पाहिली होती. गोल पृथ्वीच्या गणिताप्रमाणे ती नजरेआड व्हायला हवी होती. त्याला मात्र ती सहा मैलांपर्यंत दिसत राहिली. रोबॉथम खोटं बोलत होता असं मानायची गरज नाही. पाण्यालगतची हवा थंड आणि दाट असेल तर प्रकाश पृथ्वीच्या वळणाबरोबर वळत जातो आणि क्षितिजापलीकडची वस्तूही दिसते. वॉलेसने निरीक्षण तेरा फुटांवरून केलं ते याचसाठी. रोबॉथमचं पाहणं खरं होतं, अर्थ चुकला. पुढे त्या चुकीच्या अर्थावर पुस्तिका निघाल्या, व्याख्यानं झाली, भक्तगण जमला.

खरं तर ‘सपाट दिसते तर गोल कशी?’ हा प्रश्न मूर्खपणाचा नाहीच. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त तो घेतला आहे. त्यांचं उत्तर असं: वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो, पृथ्वी अवाढव्य, तिच्या पाठीवरचा माणूस अगदीच लहान, म्हणून त्याला ती सपाट वाटते. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख आजही आहे. पूर्वजांच्या ज्ञानाचे गोडवे गाणाऱ्या फॉरवर्डांत हा सुरेख युक्तिवाद मात्र माझ्या पाहण्यात कधी आला नाही.

हॅम्पडेनला हसणं सोपं आहे. पण पृथ्वी गोल आहे हे तुम्ही स्वतः कधी मोजलंय? मीही नाही. रेणू, विषाणू, हृदयातल्या झडपा, सूर्याचं अंतर, सगळं आपण कुणाच्या तरी दुर्बिणीवर भरवसा ठेवून मानतो. तेव्हा तथ्य मानणारे आणि नाकारणारे यांच्यात एक गट डोळस आणि दुसरा आंधळा, अशी वाटणी करता येत नाही. दोघेही विश्वासावर चालतात. प्रश्न एवढाच की ज्याच्यावर विश्वास टाकला तो चुकला तर त्याला पकडणारं कुणी आहे का. वॉलेसची चूक झाली असती तर ती दाखवायला अख्खी वैज्ञानिक बिरादरी टपून बसलेली होती. कार्पेंटरची चूक दाखवण्यात त्याच्या वाचकांपैकी कुणालाच रस नव्हता.

इंटरनेटने या कार्पेंटरांना हवं तेवढं व्यासपीठ दिलं. अमेरिकेत टेक्सास टेक विद्यापीठाच्या अ‍ॅशली लँड्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ आणि २०१८ मध्ये सपाट पृथ्वीवाल्यांच्या संमेलनांना जाऊन ३० जणांच्या मुलाखती घेतल्या. एक सोडून सगळ्यांनी सांगितलं की हा विचार त्यांना यूट्यूबवर भेटला. उरलेल्या एकाला मुलीने आणि जावयाने सांगितलं होतं, आणि त्या दोघांनी तो यूट्यूबवरच पाहिला होता. बरेच जण आधी दुसऱ्याच कुठल्या कटाचे व्हिडिओ बघत होते, पुढचा व्हिडिओ यूट्यूबने सुचवला. २०१९ च्या सुरुवातीला कंपनीने असे व्हिडिओ कमी सुचवायचं ठरवलं, पण तोवर संमेलनं भरू लागली होती.

त्यातल्या काहींनी रीतसर प्रयोगही केले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. एका गटाने सुमारे २०,००० डॉलर मोजून लेझर जायरोस्कोप, म्हणजे फिरणं टिपणारं यंत्र, आणला. पृथ्वी फिरत नसेल तर त्याचा काटा हलायला नको. तो ताशी १५ अंशांनी सरकला. २४ तासांत ३६० अंश, म्हणजे तंतोतंत पृथ्वीचं परिवलन. मग आकाशातून येणारी कसलीशी ऊर्जा यंत्रात ढवळाढवळ करते असं ठरलं, आणि ती अडवण्यासाठी यंत्राला वेगवेगळी आवरणं घालणं सुरू झालं. कॅमेऱ्यासमोर हे सांगणारा माणूस बुद्धू नव्हता. उलट, बुद्धी बऱ्यापैकी असल्याशिवाय इतकी पळवाट सुचत नाही.

बुद्धी आणि सत्य यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही, हे येल विद्यापीठातल्या डॅन कहान यांनी एका छान प्रयोगात दाखवलं. त्यांनी सुमारे ११०० अमेरिकनांना आकड्यांचा एक तक्ता दिला. काहींना सांगितलं, हे त्वचेच्या मलमाच्या चाचणीचे आकडे आहेत. मलमाने पुरळ कमी झालं की वाढलं? गणित पक्कं असलेल्यांनी अपेक्षेप्रमाणे जास्त बरोबर उत्तरं दिली. इतरांना तेच आकडे बंदुकांवरच्या बंदीचे म्हणून दिले. बंदीमुळे गुन्हे घटले की वाढले? आता उत्तर पक्षानुसार बदललं, आणि गणित चांगलं असणाऱ्यांमध्ये ही फूट जास्त रुंद होती. आपल्या बाजूला सोयीचं उत्तर वरवर दिसलं की ते तिथेच थांबत. गैरसोयीचं दिसलं तर कंबर कसून पुन्हा गणित करत.

कारण काही मतं नुसती मतं नसतात, ती गटाची ओळख असतात. डिसेंबर २०२४ मध्ये सपाट पृथ्वीवाल्या यूट्यूबरांपैकी काहींना अंटार्क्टिकाला नेण्यात आलं. त्यांच्या नकाशात अंटार्क्टिका म्हणजे थाळीची बाहेरची कड. थाळीवर घिरट्या घालणारा सूर्य तिथे चोवीस तास दिसणं अशक्य. तो दिसला, मावळलाच नाही. त्यांच्यातल्या एका नामांकित यूट्यूबरने कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं की चोवीस तासांच्या सूर्याबाबत आपण चुकलो होतो. त्याच्या जुन्या मंडळींनी काय केलं? हे चित्रीकरण स्टुडिओतलं आहे, हा फुटला, पैसे खाल्ले. इतकी वर्षं ज्याच्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा होता, त्याने वेगळं पाहिल्याबरोबर तो भरवसा संपला.

आपल्याकडे सपाट पृथ्वीला फारसं गिऱ्हाईक नाही. आपला माल वेगळा. दर वर्षा-दोन वर्षांनी फिरणारा हा मजकूर तुम्हालाही आला असेल: आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळात कॉस्मिक किरणं पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाइल बंद करून लांब ठेवा, नासा आणि बीबीसीने सांगितलं आहे. कॉस्मिक किरणं खरी आहेत, पण त्यांना घड्याळ नसतं. ती वातावरणावर अहोरात्र आदळतात; त्यातून तयार होणारे म्यूऑन नावाचे कण जमिनीपर्यंत पोचतात आणि पसरलेल्या तळहातातून सेकंदाला एक-दोन या हिशेबाने आरपार जातात. आत्ता, हे वाचतानाही. मोबाइल चालू असो वा बंद, त्यांना सोयरसुतक नाही.

आता हा मजकूर येतो कुणाकडून? नासाकडून नाही. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या काकांकडून, शाळेच्या ग्रुपवरून, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून. एकाच सकाळी तीन ठिकाणहून आला की आपण ते तीन साक्षीदार धरतो. ते असतात एकाच मजकुराचे तीन हमाल. नुसत्या पुनरावृत्तीने विधान खरं वाटू लागतं, हे १९७७ मध्येच लिन हॅशर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगातून दाखवलं होतं. नंतरच्या संशोधनात आणखी पंचाईत निघाली: खरं उत्तर ज्यांना आधीपासून माहीत असतं, त्यांच्यावरही पुनरावृत्तीचा हा परिणाम होतो.

शिवाय ग्रुपवर काकांना ‘हे खोटं आहे’ म्हणायचं कुणी? गणपतीत भेट व्हायची असते. म्हणून वीस जण गप्प राहतात आणि एकविसावा हात जोडतो, वर ‘छान माहिती’. काकांच्या दृष्टीने तो मजकूर एकमताने मंजूर.

खोट्याला वेगही जास्त. एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग काढला. १५०० माणसांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोट्या बातमीच्या सहापट वेळ लागत होता. हे यंत्रांचं काम असेल म्हणून बॉट वगळून पाहिलं, तरी निष्कर्ष तोच. खोटं जास्त नवलाचं असतं आणि नवल सांगण्याची हौस माणसांचीच.

मग लोकांना शिकवावं, हा उपाय कुणालाही सुचतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये सुमित्रा बद्रीनाथन यांनी बाराशेहून अधिक लोकांवर हा प्रयोग केला. घरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण, खोटी बातमी कशी ओळखायची, फोटो कसा तपासायचा. निवडणूक झाल्यावर पाहिलं, तर प्रशिक्षण घेतलेल्यांची खोटं ओळखण्याची क्षमता सरासरीने वाढलेली नव्हती.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे ते लोक होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना मारताना त्यांच्या बाजूने पुरावा मांडायचा कुणी आणि कुणापुढे?

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. यात कुणालाही कसलंही तथ्य शिकवलं नव्हतं, बोटाला जरा जास्त कष्ट दिले होते. असे फार फिरलेले मजकूर पाठवण्याचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने त्यानंतर काही आठवड्यांत सांगितलं. त्या ७० टक्क्यांत अफवा किती आणि रक्त हवंय, प्लाझ्मा हवाय अशा खऱ्या हाका किती, हे मात्र कंपनीलाही मोजता येत नाही. ते संदेश कुलूपबंद असतात.