संगणकाची बैठक

संगणकावर काम करणाऱ्याच्या शरीराच्या मापाने केलेली खुर्ची, टेबल, स्क्रीन, कीबोर्ड आणि उजेडाची मांडणी. यामागचे शास्त्र म्हणजे एर्गोनॉमिक्स. पोलंडच्या वोइचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी 1857 मध्ये ‘काम’ आणि ‘नियम’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव घडवले.

मांडणीची सुरुवात कोपरापासून करावी. खांदे सैल सोडून बसल्यावर कोपर ज्या उंचीवर येते, तिथेच किंवा किंचित खाली कीबोर्ड हवा. मग मनगट सरळ राहते. घरोघरी घोडे अडते ते इथेच. बाजारातले टेबल सुमारे 75 सेंमी उंच असते, आणि 150 सेंमी उंचीची व्यक्ती पाय टेकून बसली की तिचे कोपर 60 सेंमीच्या आसपास येते. हा फरक ती नकळत खांदे उचलून भरून काढते आणि संध्याकाळी मान भरून येते. टेबलाचे पाय कापता येत नसतील तर खुर्ची वर घ्यावी आणि लोंबणाऱ्या पायांखाली बुटका चौरंग किंवा एकावर एक दोन पाट ठेवावेत. पायांना टेकू हवाच. नाहीतर खुर्चीची कड मांडीखाली रुतून पायांना मुंग्या येतात.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर साधारण हातभर. नजर जरा खाली असली की पापणी झुकलेली राहते आणि डोळा उशिरा कोरडा पडतो. दुहेरी भिंगाचा चष्मा असणाऱ्यांनी मात्र स्क्रीन आणखी खाली घ्यावी, कारण खालच्या भिंगातून वाचताना त्यांची हनुवटी वर जाते. खिडकी बाजूला असावी, समोर किंवा पाठीमागे नको.

लॅपटॉप या हिशेबात बसतच नाही. स्क्रीन आणि कीबोर्ड बिजागरीने जोडलेले, त्यामुळे हात सुखावले तर मान वाकते, मान सावरली तर हात अवघडतात. 2020 च्या टाळेबंदीत जेवणाच्या टेबलावर, पलंगावर काम करणाऱ्यांनी हे पुरते भोगले. लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवून वेगळा कीबोर्ड आणि माऊस जोडणे हा स्वस्त आणि खरा उपाय. गादीवर बसून वह्या लिहिणाऱ्या मुनीमजींच्या डेस्काला उतार असे. त्यामुळेही मान कमी वाकत असे.

मांडणी कितीही नेमकी असली तरी एकाच स्थितीत ताणलेल्या स्नायूंना रक्तपुरवठा कमी पडतो. अर्ध्या तासाने उठावे. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता स्वयंपाकघरात ठेवली, तर तेवढे निमित्त पुरते.