खासबागेची रात्र: आधी हौदा, मग रंगमंच, शेवटी भेळ

कोल्हापुरात रात्री नऊनंतर मिरजकर तिकटीकडून खासबागेत शिरलं की आधी कांदा-कैरीचा वास येतो. गाड्यांभोवती माणसं उभ्यानंच खात असतात. बाहेरगावचा पाहुणा समजतो, ही नुसती खाऊगल्ली. पण इथं गर्दी आधी आली, भेळ नंतर.

ही गर्दी जमवली राजर्षी शाहू महाराजांनी. १९०२ मध्ये ते सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले. त्या दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि तसं मैदान आपल्या पैलवानांना हवं, हे डोक्यात घेऊनच ते परतले. १९१२ मध्ये खासबाग कुस्ती मैदान तयार झालं. मधोमध तांबड्या मातीचा उंच हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा, भोवती उतरत्या बैठका. शेवटच्या रांगेतल्यालाही डाव दिसला पाहिजे, हा त्यामागचा हिशोब.

मैदानाला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं. माझ्या मते खासबागेची रात्र खरी सुरू झाली ती इथं. त्या काळचं संगीत नाटक रात्री उशिरा सुरू व्हायचं आणि ‘वन्स मोअर’ घेत घेत पहाटेपर्यंत लांबायचं. घरी जेवून आलेल्या प्रेक्षकालाही मध्यरात्री भूक लागणारच! १९५७ मध्ये या थिएटरला कोल्हापूरचेच गायक-नट केशवराव भोसले यांचं नाव मिळालं.

गाणं मात्र त्याही आधीचं. देवल क्लब ही इथली गाण्याची संस्था १८८३ ची. शाहूंच्या दरबारात अल्लादियाँ खाँसाहेब होते, त्यामुळं त्यांच्या घराण्याची जयपूर-अत्रौली गायकी इथल्या कानांवर पडत गेली. शाहू १९२२ मध्ये गेले, पुढं खाँसाहेबांनी मुंबई गाठली. सिनेमाही इथं रुजला: बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच आणि १९२९ ची प्रभातही, ती १९३३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत.

पैलवानांमुळं आणखी एक सवय गावाला लागली, ती दुधाची. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, धार थेट पेल्यात पडते, आणि फेस विरायच्या आत पेला रिकामा करायचा असतो. दूध कोमट असतं, वर म्हशीचा वास. पहिल्यांदा पिणारा नाक मुरडतो, शेजारचा पोरगा तोवर दुसरा पेला मागतो. तालमीतून आलेला हा रतीब आता लंगोट कधी न लावलेलेही पाळतात.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच आणि छप्पर जळालं, दगडी भिंती तेवढ्या उरल्या. रस्त्यावर जमलेल्या कलावंतांना रडू आवरत नव्हतं. तिकीट काढून वर्षातून एकदाही नाटकाला न जाणारे कोल्हापूरकरही त्या रात्री धावत आले होते.

अंबाबाईचं दर्शन घेऊन भवानी मंडपातून चालत खासबाग काही मिनिटांवर आहे. भेळ खाऊन झाली की मैदानाच्या भिंतीला वळसा घालून या.