‘आम्हांला’ की ‘लोकांना’? स्वर्गातल्या नव्या गीताची पार्श्वभूमी

बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाचा, म्हणजे प्रकटीकरणाचा, चौथा आणि पाचवा अध्याय खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना नवा नाही. राजासन, चार प्राणी, चोवीस वडील, वधलेला कोकरा (म्हणजे ख्रिस्त) हे सगळे लहानपणापासून कानावर पडलेले असते. (‘वडील’ म्हणजे इथे ज्येष्ठ मंडळी; कुणाचे बाबा, असा गोंधळ लहानपणीच होतो.) सहा पंख आणि ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हा घोष जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायातला, तर सिंह, बैल, माणूस आणि गरुड यांची मुखे यहेज्केल संदेष्ट्याची. पात्म बेटावरच्या योहानाने दोन्ही दर्शने एकत्र गुंफली. चोवीस हा आकडा कुणी इस्राएलाचे बारा वंश आणि बारा प्रेषित असा फोडतात, तर कुणी जुन्या करारातल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकातल्या याजकांच्या चोवीस वर्गांशी जोडतात.

खरी गाठ पाचव्या अध्यायाच्या नवव्या-दहाव्या वचनांत आहे. प्राणी आणि वडील कोकऱ्यापुढे पडून नवे गीत गातात : तू वधला गेलास आणि आपल्या रक्ताने सर्व वंशांतून व भाषांतून देवासाठी विकत घेतलेस. पण कुणाला?

सोळाव्या शतकातल्या छापील ग्रीक पाठात दोन्ही वचनांत ‘आम्हांला’ आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरातही तेच आले. मराठी नवा करार १८११ मध्ये श्रीरामपूरहून (बंगालमधले, नगरकडचे नव्हे) मोडी लिपीत निघाला, तेव्हा बायबलची एक फार जुनी ग्रीक प्रत, सिनाईचे हस्तलिखित, अजून तिथल्या मठातच पडून होती. ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उजेडात आले आणि त्यात नवव्या वचनात ‘आम्हांला’ निघाले. पाचव्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या हस्तलिखितात मात्र तो शब्दच नाही. त्यातच जवळजवळ सगळ्या जुन्या प्रती दहाव्या वचनात याजक केल्याचे सांगताना ‘त्यांना’ म्हणतात. म्हणजे नवव्यात ‘आम्हांला’ धरले, तर गाणारे एका वचनात स्वतःला मोजतात आणि पुढच्याच वचनात बाजूला होतात. शिवाय चार प्राण्यांना विकत घ्यायची गरज ती काय?

विसाव्या शतकातल्या संपादकांनी अलेक्झांड्रियाचा आखूड पाठ धरला. ‘आम्हांला’ हा शब्द नकलनविसांनी मागाहून घातला असावा, असा त्यांचा तर्क. त्यामुळे आता भाषांतरांत ‘लोक’ किंवा ‘माणसे’ असे कर्म भरून घ्यावे लागते. तर्क सुबक आहे, पण ग्रीक प्रतींपैकी एकाच प्रतीवर एवढा भार टाकणे मला तरी पटत नाही. अडचणीचा शब्द नकलनवीस घालतो तसा गाळतोही.

मराठीत या वादाला आणखी एक पदर आहे. ग्रीकमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना शब्द एकच. आपल्याकडे कोकऱ्याला उद्देशून गाताना ‘आम्हांला’च म्हणावे लागते, ‘आपल्याला’ म्हटले तर कोकराही विकत घेतलेल्यांत जमा होईल. पण तेच वचन समजावून सांगताना पाळक सहज म्हणतो, ‘आपल्याला विकत घेतले.’ गाण्यातला ‘आम्ही’ शिकवणीत ‘आपण’ होतो, आणि ‘लोक’ छापलेल्या पुस्तकात दोन्ही नसतात.

पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी मिशनरी आले. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्याच सुमाराची ही गोष्ट. नंदुरबार-नवापूर भागात भिल्ल आणि मावची मंडळ्या उभ्या राहिल्या. घरात भिली, मावची किंवा अहिराणी, आणि उपासनेला हातात प्रमाण मराठीतले पवित्र शास्त्र. ‘सर्व भाषांतून’ हे शब्द अशा ठिकाणी वाचले की ऐकणाऱ्याला त्यात आपले गाव दिसते, मग पुढे ‘आम्हांला’ असो की ‘लोक’.

बाराव्या वचनापासून देवदूत सूर धरतात आणि विकत घेण्याचा विषय थांबतो. सामर्थ्य, धन, ज्ञान, बल, सन्मान, गौरव आणि धन्यवाद अशा सात गोष्टी ते कोकऱ्याला वाहतात. तेराव्यात आकाश, पृथ्वी आणि समुद्रातला प्रत्येक जीव गातो. चौदाव्यात चार प्राणी फक्त ‘आमेन’ म्हणतात.