ट्रान्स्फर केस बदलण्याआधीचा गुणाकार

जिप्सीला मोठे टायर घातले की गाडी रुबाबदार दिसते, पण पहिल्याच खड्या, दगडी चढावर इंजिन धापा टाकू लागतं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, आणि त्या प्रत्येक फेऱ्यासाठी इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. हा तोटा इंजिनात हात घालून नव्हे, गिअर बदलून भरून काढायचा असतो. या गाड्यांमध्ये त्यासाठी सगळ्यात हाताशी असलेली जागा म्हणजे ट्रान्स्फर केस, गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला वाटून देणारी पेटी.

सुझुकीने १९८१ साली एसजे४१० आणली. मारुतीची १९८५ची जिप्सी ही तिचीच लांब आवृत्ती. मोठ्या, १.३ लीटर इंजिनाची एसजे४१३ अमेरिकेत समुराई नावाने विकली गेली. बहुतेक फोर बाय फोर गाड्यांमध्ये ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्टने जखडलेली असते. या सुझुकींमध्ये मात्र ती वेगळी, तीन रबरी माउंटवर बसवलेली असते आणि गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत एक आखूड शाफ्ट येतो. त्यामुळे गिअरबॉक्सला हात न लावता ती खाली उतरवता येते.

तिचं दुसरं वेगळेपण जास्त महत्त्वाचं आहे. ट्रान्स्फर केसला दोन टप्पे असतात: रोजच्या रस्त्यासाठी ‘हाय’ आणि सावकाश, जोरकस चालीसाठी ‘लो’. बहुतेक ट्रान्स्फर केस ‘हाय’मध्ये गिअरबॉक्सचे फेरे जसेच्या तसे पुढे देतात. ही देत नाही. समुराईच्या केसचं गुणोत्तर (आउटपुटच्या एका फेऱ्याला इनपुटचे किती फेरे) हायमध्ये १.४०९ आणि लोमध्ये २.२६८ आहे. एसजे४१०च्या केसचं हायमध्ये १.५८० आणि लोमध्ये २.५११. म्हणून समुराईला ४१०ची केस बसवण्याचा बदल हौशी मंडळींमध्ये इतका रुळला: लोचं गुणोत्तर अकरा टक्क्यांनी वाढतं आणि हायचंही बारा टक्क्यांनी. म्हणजे डोंगरातही फरक पडतो आणि डांबरावरही.

पाना हातात घेण्याआधी कागद घ्यावा. पहिला गिअर, ट्रान्स्फर केसचं लो आणि क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली शेवटची गिअरजोडी) या तिघांचा गुणाकार म्हणजे गाडीचं सर्वांत सावकाश, सर्वांत जोरकस गुणोत्तर. मूळ समुराईत ते ३.६५२ × २.२६८ × ३.७२७, म्हणजे जवळपास ३०.९. इंजिनाचे सुमारे ३१ फेरे झाले की चाकाचा एक. मूळ २०५/७०आर१५ टायरचा घेर साधारण २.१ मीटर असतो. इंजिन ८०० फेऱ्यांवर सोडलं तर गाडी ताशी ३.३ किलोमीटरने सरकते. तिथे ३१ इंची टायर घातले की हाच वेग ३.८ होतो. दगडांवरून गाडी उतरवताना हा अर्धा किलोमीटर ब्रेकवर पाय ठेवायला लावतो. ४१०ची केस बसवली की गुणोत्तर ३४.२ होतं आणि वेग ३.५वर येतो.

आता डांबराचा हिशोब. चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरला मूळ समुराईचं इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेरे घेतं. मोठ्या टायरवर ते २,१२०पर्यंत पडतं आणि चढ आला की खालचा गिअर टाकावाच लागतो. ४१०च्या केसने ते २,३८०वर येतं. नुकसान पूर्ण भरून निघत नाही, बरंचसं निघतं. आणि टायर मूळचेच ठेवून ही केस बसवणाऱ्याला हमरस्त्यावर तेच इंजिन बारा टक्के जास्त फिरलेलं ऐकू येईल. माझ्या मते टायर मोठे करायचे नसतील तर हा बदल करूच नये. फक्त लो हवं असेल तर त्यासाठी वेगळे गिअरसंच मिळतात. ४.१६ लोचा संच घातला की तो गुणाकार थेट ५६.६वर जातो.

‘फक्त तो एक गिअर काढून आपल्या केसमध्ये टाकू’ हा विचार गॅरेजात हमखास निघतो. इथे थांबायला हवं. केसमधल्या शाफ्टांमधलं अंतर ओतकामातच ठरलेलं असतं. दातांचं माप तेच ठेवलं तर जोडीतल्या दातांची बेरीजही ठरलेलीच राहते. समजा एका जोडीत २० आणि ४० दाते आहेत, गुणोत्तर २. ते २.३३ करायचं तर १८ आणि ४२ घ्यावे लागतील. बेरीज तीच, ६०. यातला एकच बदलला तर दाते एकतर एकमेकांत घुसतील, नाहीतर टोकाटोकाने भिडतील. म्हणून गिअर नेहमी जोडीने बदलतात.

बेरीज जुळली तरी काम संपत नाही. दातांचा आकार, त्यांचा दाबकोन (दात दाताला ज्या कोनात ढकलतो तो) आणि तिरक्या दातांचा तिरपेपणा हेही जुळावं लागतं. तिरपेपणात थोडा फरक असला तरी गिअर बसतात, हाताने फिरतातही. पण दातावर दात रेषेत टेकण्याऐवजी कडेच्या एका ठिपक्यावर टेकतो. सगळा भार त्या ठिपक्यावर येतो, तेलाचा थर फाटतो, केस रडायला लागते आणि दातांवर खड्डे पडतात. जुन्या मालाच्या बाजारातून गिअर आणताना म्हणूनच नुसतं ‘बसतंय’ यावर विश्वास ठेवू नये.

जीपवाल्यांना हे एनपी२३१ या केसमुळे चांगलं ठाऊक आहे. नाव एकच, लोचं गुणोत्तर एकच, २.७२. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या जुन्या चेरोकीत तिच्या इनपुटला २१ स्प्लाइन (शाफ्ट अडकवणाऱ्या उभ्या खाचा), नंतरच्या गाड्यांत २३. त्यात १९९४-९५च्या सुमारास इनपुट गिअरचे दातेही बदलले. त्यामुळे केसवरचं नाव बघून भागत नाही; स्प्लाइन मोजायच्या आणि जुना-नवा गिअर शेजारी ठेवून दाते पाहायचे. सुझुकीत स्प्लाइनच्या जोडीला फ्लँजच्या (शाफ्ट जोडायच्या चकतीच्या) बोल्टांची भोकं आणि माउंटच्या बाहूही ताडून पाहाव्या लागतात.

मग अ‍ॅक्सल. एसजे४१०चं क्राउन-पिनियन ३७ आणि ९ दातांचं, म्हणजे ४.१११, समुराईचं ४१ आणि ११, म्हणजे ३.७२७. जुन्या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल स्वस्तात मिळाला म्हणून एकटाच बसवला, तर फोर बाय फोर टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं दहा टक्क्यांच्या फरकाने फिरू पाहतात. या केसमध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअररचना, नाही. चिखलात टायर घसरून तो फरक गिळतात. कोरड्या रस्त्यावर तो शाफ्टांमध्ये पिळासारखा साठत जातो आणि सर्वांत कच्चा भाग मोडतो.

जिप्सीच्या मालकाने समुराईचे हे आकडे डोळे झाकून उचलू नयेत. आपल्या गाडीत काय आहे ते मोजणं सोपं आहे. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये, बाकी चाकांना दगड, गाडी स्टँडवर, आणि त्या अ‍ॅक्सलचं एकच चाक उचललेलं. ते चाक दोन फेरे फिरवायचं आणि प्रॉपेलर शाफ्टवर (केसपासून अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टवर) खडूची खूण करून त्याचे फेरे मोजायचे. पावणेचारला किंचित कमी आले तर ३.७२७, चारच्या थोडे वर गेले तर ४.१११. एक चाक जमिनीवर थांबलेलं असताना डिफरन्शियल दुसऱ्याला दुप्पट फिरवतं, म्हणून दोन फेरे. सुट्या केसचा इनपुट हाताने फिरवून आउटपुटच्या एका फेऱ्याला किती लागतात हेही असंच मोजता येतं.

गुणोत्तर वाढलं की टॉर्क वाढतो, आणि तो पुढे कुठेतरी झेलावा लागतो. ४.१६सारख्या संचावर आधी रबरी माउंटवर ताण येतो. केस पिळवटून हलते आणि जुनी रबरं फाटतात. त्यानंतर पुढच्या अ‍ॅक्सलमधले सांधे, विशेषतः स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक दगडाला अडकलेलं असताना. माउंट, युनिव्हर्सल जॉइंट आणि ऑइल सील यांचा खर्च म्हणूनच पहिल्याच अंदाजात धरावा. स्पीडोमीटरची केबलही या केसमधूनच निघते, तेव्हा काम झाल्यावर काट्याचं वाचन फोनच्या जीपीएसशी पडताळून पाहावं.