लीब-ऑक्सफर्ड: एकूण मर्यादा आणि बिंदूगणिक मर्यादा

‘रेव्हपीबीई लीब-ऑक्सफर्ड मोडतं’ हे वाक्य प्रबंधांत पुन्हापुन्हा येतं, पण कोणती मर्यादा मोडतं हे कुणी लिहीत नाही. (रेव्हपीबीई हे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणारं सूत्र, म्हणजे फंक्शनल, आणि पीबीई या फंक्शनलचं बदललेलं रूप; लीब-ऑक्सफर्ड ही त्या ऊर्जेवरची मर्यादा.)

१९८१चं प्रमेय एकूण ऊर्जेबद्दल आहे. घनता कोणतीही घ्या, एक्स्चेंज-कोरिलेशन ऊर्जा (इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या परिणामांचा क्वांटम वाटा) ही स्पिन न पाहता काढलेल्या एलडीए एक्स्चेंजच्या (फक्त त्या-त्या बिंदूच्या घनतेवरून केलेल्या साध्या अंदाजाच्या) २.२७३ पटीहून अधिक ऋण होत नाही. (आकडा पुढे आणखी खाली आला, पीबीईत हाच आहे.) कोरिलेशन धन नसतं, म्हणून एकट्या एक्स्चेंजलाही हेच बंधन. अवकाशातल्या एकेका बिंदूबद्दल मात्र प्रमेय अवाक्षर काढत नाही, आणि काढूही शकत नाही: ऊर्जाघनतेत एकूण शून्य भरणारं काहीही मिसळलं तरी ऊर्जा तीच राहते.

बिंदूगणिक मर्यादा ही फंक्शनल रचणाऱ्यांची निवड. एलडीए एक्स्चेंजला प्रत्येक बिंदूवर गुणणारा फॅक्टर कुठेच १.८०४च्या वर जाऊ द्यायचा नाही. मग एकूण मर्यादा आपोआप पाळली जाते. अट पुरेशी आहे. पण एखाद्या घनतेसाठी ती मोडली म्हणून एकूण मर्यादाही मोडली, असं होत नाही.

१.८०४ का, २.२७३ का नाही? सगळे इलेक्ट्रॉन एकाच स्पिनचे असले की फॅक्टर २च्या घनमुळाने, म्हणजे १.२६ने वाढतो. हे विसरणाऱ्यांना रेव्हपीबीईची कमाल, २.२४५, निर्दोष वाटते. अशा एकाच स्पिनच्या (ध्रुवीकृत) घनतेत तीच २.८३ होते.

मग प्रत्यक्ष रेणूंत काय होतं? रेव्हपीबीई १.८०४ ओलांडतं ते लघुकृत ग्रेडियंट (घनता किती वेगाने बदलते याचं एककरहित माप) साधारण ३.२च्या पुढे गेल्यावर. अणूत हा भाग शेपटीचा. तिथे घनता इतकी विरळ की बेरजेत तिचा वाटा नगण्य. हेलियमच्या एकूण एक्स्चेंज-कोरिलेशन ऊर्जेचं एलडीए एक्स्चेंजशी खरं गुणोत्तर जेमतेम १.२ आहे, २.२७३ फार दूर. त्यामुळे अधिशोषण ऊर्जा (पृष्ठभागाला रेणू चिकटण्याची ऊर्जा) चुकली तर खापर या मर्यादेवर फोडू नका.

तरीही बिंदूगणिक अट टाकाऊ नाही. २०१४ साली दाखवलं गेलं की ग्रेडियंट जवळपास सगळीकडे सारखाच मोठा राहील अशी काल्पनिक घनता रचता येते. तिथे फॅक्टर बेरजेच्या बाहेर काढता येतो आणि दोन्ही मर्यादा एकच होतात. म्हणजे प्रत्येक घनतेसाठी खरं ठरायचं असेल तर जीजीएला (घनतेसोबत तिचा ग्रेडियंटही पाहणाऱ्या, पीबीईसारख्या फंक्शनलला) ही अट आवश्यकच आहे.

म्हणून पृष्ठभागांसाठी रेव्हपीबीईऐवजी आरपीबीई (पीबीईचंच आणखी एक रूप) घ्यावं. १९९९च्या या रूपात कप्पा (फॅक्टरची कमाल १ अधिक कप्पा असते) पीबीईप्रमाणे ०.८०४च राहतो, फक्त फॅक्टरचा वक्र घातांकी होतो. अधिशोषण ऊर्जा जवळपास तितकीच सुधारते आणि बिंदूगणिक अटही पाळली जाते.