राउटिंग टेबलची आकडेवारी

राउटर किंवा लेयर-३ स्विच (राउटरसारखे मार्ग निवडणारा स्विच) यांच्या राउटिंग टेबलमध्ये, म्हणजे पॅकेट (माहितीचा तुकडा) कोणत्या ठिकाणी कोणत्या वाटेने पाठवायचे याच्या यादीत, एका क्षणी किती मार्ग आहेत, ते कोणाकडून कळले आहेत आणि त्यांनी किती मेमरी व्यापली आहे, याचा उपकरणानेच मांडलेला गोषवारा म्हणजे राउटिंग टेबलची आकडेवारी. टेबल हजारो ओळींचे असले तरी हा गोषवारा बहुधा एका पडद्यात मावतो. सिस्कोच्या उपकरणांवरील आयओएस या प्रणालीत तो ‘शो आयपी रूट समरी’ आणि ज्युनिपरच्या जुनोस या प्रणालीत ‘शो रूट समरी’ या कमांडने मिळतो. बीएसडी घराण्यातील प्रणालींवर ‘नेटस्टॅट -आरएस’ ही कमांड आहे. पण ती मार्ग मोजत नाही, घटना मोजते. चुकीचे रिडायरेक्ट (दुसऱ्या वाटेने जा अशा सूचना) किती आले, किती ठिकाणी पोहोचता आले नाही, डीफॉल्ट मार्गावर (दुसरा मार्ग नसताना वापरायच्या वाटेवर) किती वेळा विसंबावे लागले, असे आकडे तिथे दिसतात.

गोषवाऱ्यातील प्रत्येक ओळ मार्गाच्या एका उगमाची असते: थेट जोडलेली नेटवर्क, हाताने लिहिलेले स्टॅटिक मार्ग, किंवा राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचे ओएसपीएफ (संस्थेच्या आतले), बीजीपी (मुख्यतः संस्था-संस्थांमधले) असे प्रोटोकॉल, इत्यादी. इथे नवशिक्याची हमखास एक गफलत होते. ओएसपीएफच्या ओळीत ४० हा आकडा दिसला, म्हणजे ओएसपीएफला ४० मार्ग माहीत आहेत असे तो समजतो. वास्तविक ते टेबलात जागा मिळालेले मार्ग असतात. एकाच ठिकाणाचा मार्ग दोघांकडून कळला, तर ज्याचे अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (उगमावर किती विश्वास ठेवायचा हे सांगणारा आकडा) कमी तो जिंकतो. सिस्कोच्या मूळ मांडणीत हे अंतर थेट जोडणीला ०, स्टॅटिकला १, बाहेरच्या बीजीपीला (दुसऱ्या संस्थेच्या राउटरकडून कळलेल्या मार्गांना) २०, ओएसपीएफला ११०, आरआयपी या जुन्या प्रोटोकॉलला १२० आणि आतल्या बीजीपीला (आपल्याच संस्थेच्या राउटरकडून कळलेल्या मार्गांना) २०० असते. हरलेले मार्ग त्या त्या प्रोटोकॉलच्या स्वतःच्या नोंदींत राहतात. गोषवाऱ्यात येत नाहीत.

जुनोस याबाबतीत अधिक मोकळेपणाने बोलते. समजा, तिथे ‘२५ डेस्टिनेशन्स, २७ रूट्स, २४ अॅक्टिव्ह, ० होल्डडाउन, १ हिडन’ अशी ओळ आली. २७ मार्गांतून २४ चालू आणि १ लपलेला वजा केला, की उरलेले २ मार्ग राखीव आहेत हे कळते: ते वैध आहेत, पण त्यांच्यापेक्षा सरस मार्ग हाताशी असल्याने बाजूला बसले आहेत. ठिकाणे २५ आणि चालू मार्ग २४ असल्याने एका ठिकाणाकडे जाणारा एकमेव मार्ग लपलेला आहे, असाही अर्थ त्याच ओळीतून निघतो. आयात-धोरणाने नाकारलेला किंवा ज्याचा नेक्स्ट-हॉप (वाटेतला पुढचा राउटर) सापडत नाही असा मार्ग ‘हिडन’ ठरतो. हा आकडा शून्य नसेल, तर कारण शोधणे इष्ट असते.

आयओएसच्या गोषवाऱ्यातील ‘नेटवर्क्स’ आणि ‘सबनेट्स’ हे दोन स्तंभ मात्र जुन्या काळाचे अवशेष आहेत. पत्त्यांचे ए, बी, सी असे वर्ग पाडले जात तेव्हा या भेदाला अर्थ होता. १९९३ मध्ये सीआयडीआर ही पत्त्यांचे वर्ग न मानणारी पद्धत आल्यावर तो उरला नाही, तरी स्तंभ टिकले. ‘इंटर्नल’ ही ओळही त्याच जातीची आहे. १०.०.०.०/८ सारख्या मोठ्या नेटवर्कचे तुकडे टेबलात असले की त्यांच्या डोक्यावर एक शीर्षक-नोंद ठेवली जाते. ‘इंटर्नल’मध्ये अशा नोंदी मोजल्या जातात. त्यांच्यावरून पॅकेट जात नाही.

एकूण बेरीज हा सर्वांत ठळक आकडा असला, तरी तो बऱ्याचदा सर्वांत फसवा असतो. दोन राउटरांवर दोन वेगवेगळ्या सेवादात्यांकडून इंटरनेटचे पूर्ण टेबल घेतले आहे आणि ते दोघे आपसात आतल्या बीजीपीने बोलतात, असे धरू. पहिल्याचे सेवादात्याशी असलेले सत्र तुटले, तरी तीच ठिकाणे त्याला दुसऱ्याकडून कळत राहतात. बेरीज जवळजवळ तेवढीच राहते. बीजीपीच्या ओळीखालील ‘एक्स्टर्नल’ (बाहेरच्या बीजीपीचा) आकडा मात्र कोसळतो आणि ‘इंटर्नल’ (आतल्या बीजीपीचा; वरच्या शीर्षक-नोंदींचा नव्हे) तितकाच वाढतो. नुसत्या बेरजेवर गजर लावलेला असेल, तर सगळी वाहतूक एकाच दोरावर आली आहे याचा पत्ताही लागत नाही.

टेबलात मार्ग असणे आणि त्यावरून पॅकेट वेगाने जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. निवडलेले मार्ग पुढे पॅकेट प्रत्यक्ष पाठवताना वापरल्या जाणाऱ्या फॉरवर्डिंग टेबलमध्ये उतरवले जातात, आणि मोठ्या उपकरणांत ते बहुधा टीकॅम या वेगाने शोध घेणाऱ्या पण मर्यादित जागेच्या चिपमध्ये बसवावे लागतात. म्हणून आकडेवारी वाचताना हार्डवेअरची क्षमता शेजारी मांडलेली बरी. १२ ऑगस्ट २०१४ रोजी याचा प्रत्यय आला. त्या दिवशी इंटरनेटच्या आयपीव्ही४ टेबलने ५,१२,००० ची पातळी ओलांडली. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ६५०० आणि ७६०० मालिकेतील अनेक उपकरणांत टीकॅमची मूळ वाटणी आयपीव्ही४ साठी ५१२ के एवढीच होती. त्यात न मावलेल्या मार्गांची पॅकेटे सॉफ्टवेअरवर पडली आणि बऱ्याच ठिकाणी सेवा मंदावली किंवा तुटली. चिपमध्ये जागा नव्हती असे नाही. तिचा मोठा हिस्सा आयपीव्ही६ साठी राखून ठेवलेला होता. वाटणी बदलणे ही एका कमांडची गोष्ट होती, फक्त त्यानंतर उपकरण रीस्टार्ट करावे लागे. पुढे आयपीव्ही४ चे हे टेबल ९ लाखांच्याही पलीकडे गेले आहे.

दूरून देखरेख करण्यासाठी हीच माहिती एसएनएमपी या उपकरण-देखरेखीच्या प्रोटोकॉलने घेता येते. आरएफसी ४२९२ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजात ‘आयनेट-सीआयडीआर-रूट-नंबर’ हा चालू मार्गांची संख्या दाखवणारा, म्हणजे वर-खाली होणारा आकडा आहे. त्याच्या जोडीचा ‘डिस्कार्ड्स’ हा आकडा, वैध असूनही टाकून दिलेल्या नोंदी मोजतो आणि फक्त वाढत जातो. नोंदी टाकण्यामागे मेमरीसाठी जागा करणे हे एक कारण असू शकते. मात्र दर पाच मिनिटांनी घेतलेल्या मोजणीतून एक दोष हमखास निसटतो. दोन मोजण्यांच्या मधे एखादा मार्ग दहादा गेला आणि दहादा परतला, तरी दोन्ही वेळा आकडा सारखाच दिसतो. त्यासाठी गोषवारा सोडून मूळ टेबलकडे यावे लागते. तिथे डायनॅमिक मार्गासमोर त्याचे वय लिहिलेले असते. शेजारचे मार्ग कित्येक आठवड्यांचे आणि एकाचे वय ००:००:१२ असेल, तर बिघडलेली लिंक बहुधा त्याच बाजूला सापडते.