आर्थरची कथा : एक ग्रंथ की आठ?

३१ जुलै १४८५ रोजी लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरमध्ये विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने आर्थर राजा आणि त्याच्या गोलमेजावरचे सरदार यांची कथा छापून पूर्ण केली. तीनच आठवड्यांनी, २२ ऑगस्टला, बॉसवर्थच्या रणात राजा तिसरा रिचर्ड पडला आणि इंग्लंडची गादी ट्यूडर घराण्याकडे गेली. सरदार लान्सलॉट, राणी ग्विनेव्हिअर, जादूगार मर्लिन, चेटकीण मॉर्गन ही नावे घेऊन इंग्रजीत आजवर जे पुन्हा पुन्हा लिहिले गेले, रंगवले गेले, पडद्यावर आले, त्यातला फार मोठा भाग या एका छापील ग्रंथावर पोसलेला आहे. म्हणून या कथेची पार्श्वभूमी सांगायची तर पंधराव्या शतकापासूनच सांगायला हवी. त्याआधीचे सगळे याच ग्रंथात येऊन मिळते. पण हा मुळात एकच ग्रंथ की आठ सुट्या कथा, यावरच वाद आहे.

ग्रंथाचा कर्ता स्वतःबद्दल फार थोडे सांगतो. नाव थॉमस मॅलरी, हुद्दा सरदाराचा, आणि लिहिताना तो कैदेत आहे. चौथ्या एडवर्डच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षी लेखन पूर्ण झाले असे तो नोंदवतो, म्हणजे मार्च १४६९ ते मार्च १४७० या दरम्यान. हा मॅलरी नेमका कोण यावर बराच खल झाला. बहुतेक अभ्यासकांचा कौल वॉरिकशायरमधल्या न्यूबोल्ड रेव्हल इथल्या जमीनदाराकडे आहे. हा गृहस्थ १४४५ मध्ये संसदेत होता आणि पुढच्या दहा वर्षांत त्याच्यावर आरोपांची रासच उभी राहिली : एका ड्यूकवर दबा धरून हल्ला, मठावर दरोडा, गुरे पळवणे, खंडणी, बलात्कार. अटकेतून तो एकदा खंदक पोहून निसटला. खटला असा नीट उभा राहिलाच नाही, तरी वर्षानुवर्षे तो लंडनच्या तुरुंगांत राहिला. १४६८ च्या सार्वत्रिक माफीतून त्याचे नाव मुद्दाम वगळले गेले आणि मार्च १४७१ मध्ये तो वारला.

आरोप गटबाजीच्या काळातले आहेत, हे खरे. सत्ता कोणाकडे आहे त्यावर गुन्हेगार कोण हे ठरत होते. पण एवढ्यावर ते पुसून टाकावेत असे मला वाटत नाही. गोलमेजावरचे सरदार दरवर्षी एक शपथ घेतात : दयेची याचना करणाऱ्याला मारायचे नाही, स्त्रीवर बळजबरी करायची नाही, केल्यास शिक्षा मृत्यूची. मॅलरीने ज्या फ्रेंच कथांवरून लिहिले त्यांत ही शपथ नाही. ती त्याने स्वतः घातली आहे. ज्याच्यावर नेमके तेच आरोप होते त्याच्या हातून ही शपथ लिहिली गेली, हे वाचकाने माहीत असूनच वाचावे.

कथेतली वैरेही त्या काळापासून तोडता येत नाहीत. १४५५ पासून यॉर्क आणि लँकेस्टर या दोन घराण्यांत गादीसाठी रक्तपात चालू होता. मॅलरीच्या कथेत राज्य परक्या शत्रूमुळे बुडत नाही. घरातल्या सूडामुळे बुडते. ग्विनेव्हिअरला चितेवरून सोडवताना लान्सलॉटच्या हातून गॅरेथ हा सरदार मारला जातो. निःशस्त्र, आणि लान्सलॉटवर जीव असलेला. तिथून गॅरेथचा थोरला भाऊ गवेन लान्सलॉटचा वैरी होतो आणि राजालाही युद्धात ओढतो. मागे राज्य आर्थरचाच मुलगा मॉर्ड्रेड याच्या हाती लागते. हा मॉर्ड्रेड टॉवर ऑफ लंडनवर तोफा डागतो. आर्थरच्या कल्पित काळात तोफा कुठून येणार? पण १४६० मध्ये त्याच टॉवरवर लंडनकरांनी तोफांचा मारा पाहिला होता. लोक मॉर्ड्रेडच्या बाजूला जातात तिथे मॅलरी कथा थांबवतो आणि थेट इंग्रजांना बोल लावतो : एवढा चांगला राजा होता, त्याच्याशीही तुम्ही टिकला नाहीत, ही खोड आपल्यात अजून आहे. संबंध ग्रंथात त्याचा स्वतःचा आवाज इतका उघड फार थोड्या ठिकाणी ऐकू येतो.

चेटकाचे प्रकरण याहून जुने आहे आणि त्याची उलथापालथही मोठी आहे. ११५० च्या सुमाराच्या एका लॅटिन काव्यात मॉर्गन ही सफरचंदांच्या बेटावर राहणाऱ्या नऊ बहिणींतली श्रेष्ठ. औषधी जाणणारी, रूप पालटणारी, जखमी आर्थरला बरे करण्याचे कबूल करणारी. पुढच्या शंभर वर्षांत फ्रेंच लेखकांनी तिला आधी आर्थरची बहीण केले आणि मग त्याची वैरीण. मॅलरीकडे ती वैरीण होऊनच पोचते. ती आर्थरची खरी तलवार आपल्या प्रियकराला देऊन त्याला आर्थरवरच सोडते. जिच्यामुळे अंगातले रक्त वाहत नाही ती तलवारीची म्यान ती तळ्यात फेकते. अंगावर घेताच जाळून टाकणारी शाल ती दरबारात पाठवते. या कटांतून राजाला वाचवणारीही जादू जाणणारी बाईच आहे. निमूवे, जिने त्याआधी मर्लिनला दगडाखाली कायमचे कोंडले. म्हणजे विद्या तीच आणि राजा कोणाच्या बाजूला एवढाच फरक. आणि शेवटी प्राण जायला आलेल्या आर्थरला न्यायला नाव येते तेव्हा तिच्यात मॉर्गन बसलेली असते, मायेने त्याचे डोके मांडीवर घेण्यासाठी. मॅलरी याचा खुलासा करत नाही. जुनी वैद्यीण आणि नवी वैरीण दोन्ही त्याने ठेवल्या. नव्या रूपांतरांत बहुधा एकच ठेवतात, आणि त्यात पात्राचे नुकसान होते.

एकूण जादू मात्र त्याने कमीच केली. फ्रेंच मुळातली भाकिते, स्वप्ने, मायावी किल्ले यांची त्याने भरपूर छाटणी केली. मर्लिन तर ग्रंथाच्या पहिल्याच भागात संपतो. पुढे जे घडते ते माणसांच्या करणीने.

यामागचा इतिहास थोडक्यात असा. ११३८ च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथने लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहिला आणि त्यात आर्थरला युरोपभर गाजणारा सम्राट केले. गोलमेज त्यात नाही. ते ११५५ मध्ये वासच्या फ्रेंच पद्यात प्रथम दिसते. लान्सलॉट-ग्विनेव्हिअरचे प्रेम आणि ग्रेल या पवित्र पात्राचा शोध त्याच शतकाच्या उत्तरार्धात एका फ्रेंच कवीने आणला, आणि तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात या सगळ्याचे अवाढव्य फ्रेंच गद्यचक्र झाले. ११९१ मध्ये ग्लास्टनबरीच्या मठाने आर्थरची कबर सापडल्याचे जाहीर केले. सात वर्षांपूर्वीच मठ जळाला होता आणि बांधकामाला पैसा हवा होता. विंचेस्टरच्या किल्ल्यातल्या दालनात भिंतीवर टांगलेले गोलमेज तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या लाकडाचे आहे. त्यावरचा रंग आठव्या हेन्रीच्या काळातला.

आता मूळ वादाकडे. चारशे वर्षांहून अधिक काळ मॅलरी म्हणजे कॅक्स्टनचा छापील पाठ, एवढेच माहीत होते. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या फक्त दोन प्रती उरल्या आहेत, न्यूयॉर्कला एक आणि मँचेस्टरला एक, त्यातली मँचेस्टरची अपुरी. कॅक्स्टनने मजकुराचे २१ खंड आणि ५०७ अध्याय पाडले, प्रस्तावना लिहिली आणि ‘ल मॉर्त दार्थर’, म्हणजे आर्थरचा मृत्यू, असे फ्रेंच नाव दिले. नाव देताना त्यालाही अडखळल्यासारखे झाले असावे, कारण ग्रंथात राजाचा जन्म, आयुष्य आणि पराक्रमही आहेत हे तो तिथेच सांगतो.

१९३४ मध्ये विंचेस्टरच्या एका जुन्या शाळेत तिथल्या शिक्षकाला तिजोरीत एक हस्तलिखित सापडले. तो जुन्या पुस्तकांच्या बांधणीचा अभ्यास करत होता. पहिली आणि शेवटची पाने गळालेली, दोन लेखकूंच्या हातची ती मॅलरीची प्रत निघाली. तिच्यात माणसांची नावे तांबड्या शाईत आहेत. कॅक्स्टनचे खंड नाहीत, अध्याय नाहीत. त्याऐवजी एकेक कथा संपते तिथे कर्त्याचे चार शब्द आहेत, आणि त्यातले बरेचसे छापील पाठात आलेच नव्हते. पहिल्या कथेच्या अखेरीस तो म्हणतो, पुढचे हवे असेल त्याने दुसरे ग्रंथ शोधावेत, हे एका कैदी सरदाराने रचले आहे, देवाने त्याची सुटका करावी. हे वाक्य पुढे सात कथा लिहायच्या ठरवून बसलेल्या माणसाचे वाटत नाही.

याच आधारावर १९४७ मध्ये हस्तलिखिताची तीन खंडांची आवृत्ती निघाली आणि संपादकाने तिला ‘सर थॉमस मॅलरीची लेखने’ असे अनेकवचनी नाव दिले. म्हणणे असे की ही आठ स्वतंत्र कथानके आहेत आणि त्यांचा एक ग्रंथ कॅक्स्टनने केला. पुरावा मजकुरातही होता. गॅरेथच्या कथेत ट्रिस्ट्रम नामांकित सरदार म्हणून वावरतो, आणि त्याचा जन्म येतो त्यानंतरच्या कथेत.

यावरून अभ्यासकांत पंचवीस-तीस वर्षे जुंपली. पुण्यात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली तेव्हा संपादकांपुढे शेकडो पोथ्या होत्या; इथे साक्षीदार दोनच, आणि दोघांची साक्ष जुळत नाही. मला स्वतःला आठ कथांचा सिद्धान्त अर्धाच पटतो. मॅलरीने सुरुवात सुट्या कथांनी केली असेल, पण तो हळूहळू एका ग्रंथाकडे गेला. बेलिन या सरदाराच्या तलवारीबद्दल मर्लिन आरंभीच सांगून ठेवतो की लान्सलॉट हिने आपल्या सर्वांत लाडक्या माणसाला मारील, आणि तो माणूस गवेन असेल. हा धागा थेट अखेरच्या युद्धापर्यंत जातो. मात्र एक अडचण मानावीच लागते. कर्ता ज्या वाक्यात आर्थर आणि त्याच्या सरदारांचा ‘संपूर्ण ग्रंथ’ इथे संपला असे म्हणतो, ते शेवटच्या पानावरचे आहे, आणि हस्तलिखिताचे ते पान गेलेले आहे. एकसंधपणाची सर्वांत थेट साक्ष फक्त छापील पाठात आहे, म्हणजे ज्याच्यावर एकसंधपणा लादल्याचा आरोप आहे त्याच्याच हातची.

दुसरी गाठ आर्थरने रोमवर केलेल्या स्वारीच्या कथेची. हस्तलिखितात ती छापील पाठाच्या जवळजवळ दुप्पट आहे, ज्या जुन्या इंग्रजी काव्यावरून ती घेतली त्याच्या अनुप्रासांसकट. ती कापली कोणी? काहींच्या मते मॅलरीनेच मागाहून. मला कॅक्स्टनचा हात दिसतो, आणि त्याचे एक कारण स्वप्नात आहे. आर्थरला ड्रॅगन आणि दुसऱ्या एका श्वापदाची झुंज दिसते. हस्तलिखितात आणि मूळ काव्यात ते अस्वल आहे, कॅक्स्टनकडे रानडुक्कर. रानडुक्कर हे तिसऱ्या रिचर्डचे चिन्ह. कॅक्स्टनच्या एका मोठ्या आश्रयदात्याचा रिचर्डने १४८३ मध्ये शिरच्छेद करवला होता, आणि ड्रॅगनचे निशाण घेऊन ट्यूडर येऊ घातला होता. १४७१ मध्ये वारलेल्या मॅलरीला हा बदल सुचण्याचे कारण नव्हते.

१९७० च्या दशकात या वादाला नवे वळण मिळाले. हस्तलिखिताच्या पानांवर छपाईच्या ओल्या शाईचे पुसट उलटे ठसे आढळले, आणि ती अक्षरे कॅक्स्टनच्या खिळ्यांची निघाली. एका फाटक्या पानाला १४८९ मध्ये त्याने छापलेल्या पापक्षमापत्राचा तुकडा चिकटवलेला होता. म्हणजे ही प्रत काही वर्षे त्याच्याच छापखान्यात होती. तरी खिळे जुळवताना केलेल्या खुणा तिच्यावर नाहीत, त्यामुळे छपाईसाठी त्याच्यापुढे दुसरी प्रत असली पाहिजे. आपण छापलेल्या पाठाहून वेगळा पाठ त्याच्या हाताशी होता, असा याचा अर्थ होतो. १९७६ मध्ये हस्तलिखित लंडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने विकत घेतले.

२०१३ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीने दोन्ही साक्षी शेजारी ठेवून शब्दाशब्दाचा निवाडा केला. तिचा मजकूर मुख्यतः हस्तलिखितावर उभा आहे आणि रोमची स्वारी तिच्यात पूर्ण लांबीची आहे. नाव मात्र कॅक्स्टनचेच आहे, आणि तेही एकवचनी.